मानाची जोडी

आमच्या गावाला आता गाव म्हटलं की लोकांना राग येतो. अमरावती रोडवर दोन शोरूम झाले, ले-आउट पडले, बुधवारच्या बाजारात मोमोची गाडी लागते. बैल मात्र शोधून सापडत नाहीत. तरी पोळा भरतो, आणि पहिली जोडी तोरणाखालून न्यायचा मान नत्थुजींच्या घरचा, पार आजा-पणज्यापासूनचा. यंदा पंचाईत एवढीच की घरी जोडीच नव्हती. त्यांच्या मुलाने, किशोरने, उन्हाळ्यात बैल विकून गोठ्याच्या जागी दुकानाचे गाळे काढले होते.

"सोडून द्या ना बाबा तो मान," किशोर म्हणाला.

"मी जिता आहो तवरिक नाही!"

हट्टाला काय औषध? म्हातारा वलगावला देवरावकडे गेला. ओळख जुनी. देवरावच्या दारात पांढरीशुभ्र जवान जोडी, आणि त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "न्या जी. मानाले लागते म्हणता तं न्या. फक्त पोळा फुटला का लगेच आणून द्या."

पोळ्याच्या दिवशी नत्थुजींनी फेटा बांधला. जोडी तोरणाखालून गेली, पोळा फुटला, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, काय जोडी आहे! कोणी विचारलं, नवीन घेतली का? नत्थुजी म्हणाले, "आपलीच समजा." मग शोरूमवाल्याने बोलावलं, मग सरपंचाच्या बंगल्यावर फोटो झाले. म्हातारा फुगून पुढे चालत होता. दिवेलागण झाली तेव्हा कुठे त्यांना देवराव आठवला, आणि किशोरने घाईघाईत बैल पिकअपमध्ये चढवले.

देवराव फाटकातच उभा होता. त्याची बायको जयवंता पाण्याचा तांब्या घेऊन धावली. तिने बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं आणि परातीतली पुरणपोळी एकेकाच्या तोंडाला लावली. बैल अधाशासारखे खाऊ लागले. चुलीजवळची भांडी मात्र सगळी झाकलेली होती.

"तुमी जेवले नाही?" नत्थुजींनी विचारलं.

"बैलाच्या आदी कसं जेवाव जी?" देवराव हसून म्हणाला.

नत्थुजींचा चेहरा खर्रकन उतरला. हाच नियम त्यांनी जन्मभर घरात चालवला होता. पोळ्याला लेकरं भुकेनं रडली तरी बैलाचा घास आधी. आणि आज या माणसांना आपण दिवसभर उपाशी ठेवलं, कशासाठी तर चार फोटोंसाठी. त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं.

जयवंताने पाट मांडला. "बसा काकाजी. मानाची जोडी तुमच्या हाती होती, तुमीबी उपाशीच असान."

नुसतं पाटावर बसायचं होतं. आपण आधीच जेवलो हे कोणाला कळणार होतं? किशोरही मागून हळूच म्हणाला, "बसा ना बाबा."

"मी जेवलो, माय," नत्थुजी म्हणाले. "दुपारीच जेवलो. पोटभर पुरणपोळी खाल्ली."

जयवंताचा हात ताटावरच थांबला. देवरावने चटकन नजर खाली वळवली आणि उगाच बैलाच्या पाठीवरची झूल सारखी करू लागला. नत्थुजींपेक्षा त्यालाच जास्त लाज वाटत होती.