दोन्ही हात

उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कंटेनरच्या दारांसाठी वॉशर कापणारं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथली मोठी प्रेस म्हणजे अनंतादादांची लाडकी लेक. तीस वर्षं तिची डाय, म्हणजे पत्रा कापणारा साचा, बदलायचा मान त्यांचाच. या महिन्याअखेर ते निवृत्त होणार होते. आजची डाय त्यांच्या हाताखाली शिकलेल्या केसरने स्वतःच्या जबाबदारीवर नीट बदलली, तर त्यांच्यामागे सेटर केसर. तिचं नाव दादांनीच सुचवलं होतं, त्यामुळे बिचारीने सकाळपासून डबाही उघडला नव्हता.

वॉशरच्या कडांना कुसळं यायला लागली होती, म्हणजे डायची धार गेली होती. केसरने मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. प्रेसचं जड चाक पुरतं थांबेपर्यंत ती गुमान उभी राहिली. मग वरचा रॅम, म्हणजे ठोका देणारा जड ठोकळा, खाली येऊ नये म्हणून मधे लोखंडी टेकू दिला, बोल्ट सैल केले आणि मदतनीस कमलेशला हाताशी घेऊन जुनी डाय ट्रॉलीवर ओढून घेतली. नवी ठेवण्याआधी बैठक तीनदा पुसली. कणभर कीस राहिला तरी डाय तिरकी बसते आणि पहिल्याच ठोक्याला तिची धार उडते. दादा नुसते हुंकारले. कौतुकाच्या बाबतीत ते पक्के कंजूष, तेव्हा हुंकार म्हणजे पुष्कळच झालं.

"ट्रक खोळंबलाय हं, जरा जल्दी," मालकीण हेतलबेन दारातून म्हणाल्या.

बोल्ट आवळून झाले. केसरने टेकू काढून बाजूला ठेवला, कुलूप उघडलं, स्विचवर हात ठेवला आणि नेहमीची हाक दिली, "हात!"

या हाकेला प्रेसजवळच्या प्रत्येकाने दोन्ही हात वर करून दाखवायचे. कमलेशने केले. दादा प्रेसच्या मागे होते. केसरला त्यांची नुसती टोपी दिसत होती.

"लाव गो, लाव."

आजवर हाक देणारे तेच, त्यामुळे त्यांचे हात कोणी कधी बघायला मागितलेच नव्हते. ज्यांनी बोट धरून शिकवलं, त्यांनाच सगळ्यांसमोर जाब विचारायचा? आणि आजच्या दिवशी?

"दादा, हात दाखवा."

"अगो, मी हाय ना हितं! मला शिकवतेस?"

हेतलबेनच्या कपाळाला आठी पडली. केसरला रडूच कोसळायचं बाकी होतं. सेटरचं काम गेलं, असं तिने मनाशी धरूनच टाकलं. पण स्विचवरचा हात तिने काढून घेतला.

"दोन्ही हात दिसल्याबिगर मी चालू करनार न्हाय."

टोपी हलली. रागारागाने एक हात वर आला.

"दुसरा."

दुसरा हात यायला वेळ लागला. तो आला तेव्हा त्यात फडकं होतं, आणि तो नव्या डायच्या तोंडातून बाहेर आला होता. तेलाचा एक डाग दिसला म्हणून तो पुसायला दादांनी सवयीने हात मागून आत घातला होता.

दादा हळूहळू पुढे आले. हात अजून वरच होते.

"मला इचारायची कुनाची छातीच झाली न्हाय गो," ते म्हणाले. "तू इचारलंस."

केसरने ते दोन्ही हात स्वतःच्या हातांत घट्ट धरले. ट्रक बाहेर हॉर्न वाजवत राहिला, तरी ते तिने बराच वेळ सोडले नाहीत.