पुसट झालेला लाल ठिपका

मी एक जुना माशांचा तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे हं! पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या मनगटाला लटकणारा, जाड प्लास्टिकचा.

मित्रांनो, छापखान्यातून आलो तेव्हा माझा थाट काही औरच होता. अंगभर रंगीत मासे आणि प्रत्येक विषारी माशाशेजारी ठसठशीत लाल ठिपका. पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून अनोळखी मासा दिसला की बुडी शिकवणारे दादा आधी त्याच्याकडे बोट दाखवत, मग माझ्यावरच्या चित्राकडे. ठिपका असला की सगळे चार हात लांब. वर आल्यावर लोक माझं कौतुक करत आणि मी भाव खात असे.

दादा बाकीचं सामान गोड्या पाण्यात धुऊन सावलीत ठेवत. मला मात्र होडीच्या टपावर टाकत. "प्लास्टिकला काय धाड भरलीय?" म्हणत. उन्हाने माझे रंग उडाले, सगळ्यांत आधी लाल. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

परवा दादांची थोरली बहीण बुडी मारायला आली. हौसेने तिने मला मनगटाला बांधलं. खाली खडकात तिला दगडासारखा खडबडीत मासा दिसला. दादा जरा पुढे होते. तिने माझ्यावर शोधलं, चित्र सापडलं, डोळे चमकले. शेजारी ठिपका नव्हता. तिने बेधडक हात पुढे केला, आणि मी त्याच हाताला लोंबकळत होतो! जीव तोडून ओरडावंसं वाटलं, पण मला तोंडच नाही.

होडीत तिचा सुजलेला हात गरम पाण्यात बुडवून दादा म्हणाले, "अगं ताई, लाल ठिपका होता ना तिथे!"

"कुठाय? दाखव बघू," ती कण्हत म्हणाली.

दादांनी मला अंगठ्याने पुसपुसून पाहिलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"टाकून दे रे तो," डॉक्टरांकडे जाताना ताई म्हणाली.

"नवा मागवतो. तोवर चालेल," दादा म्हणाले. त्यांनी आठवून आठवून साध्या स्केचपेनने माझ्यावर लाल ठिपके काढले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच वस्तू तुम्हाला सांगतात. मी मात्र विनवतो, मला टाकून द्या. रंग उडालेल्या तक्त्यावर विसंबू नका. आज एक नवी बाई मला बांधून पाण्यात उतरली आहे. ती माझ्याकडे विश्वासाने पाहते आहे, आणि माझे ठिपके एकेक करून विरघळत आहेत.