हाताची घडी

"मला दूधच नाही हो सिस्टर," असं म्हणून तेरा नंबरच्या खाटेवरची पोरगी रडायला लागली. तिच्या मांडीवरचं दोन दिवसांचं बाळ लगेच तिला सामील झालं.

सिस्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि छातीवर हातांची घट्ट घडी घातली. ही त्यांची जुनी खोड. वॉर्डात पोर रडलं की सिस्टरांची घडी पडलीच. शिकाऊ पोरी पाठीमागे त्यांना 'घडीबाई' म्हणत. झाडलोटीच्या मावशी तर तोंडावरच म्हणत, की पोरं रडतात दुधासाठी आणि तुम्ही मास्तरणीसारख्या उभ्या राहता. सिस्टर हसण्यावारी नेत. बत्तीस वर्षं त्या या प्रसूतीच्या वॉर्डात होत्या, आणि तेवढ्या काळात एखादी खोड जडली तर बिघडलं कुठे?

घडी सोडून त्या कामाला लागल्या. पोरीच्या पाठीला उशी दिली, बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं. एवढ्याशा जिवाचं पोट गोटीएवढं असतं, त्याला तांब्याभर दूध लागत नाही, हे तिला समजावलं. हे पिवळट थेंब येताहेत ते बाळाला दुखण्यांपासून राखतात आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाहीत, असंही सांगितलं. बाळानं मोठा आ केला तसं त्यांनी त्याला अलगद पुढे सरकवलं. थोड्या वेळात वॉर्डात एकच रडणारी उरली, आणि तीही डोळे पुसत होती. मावशींनी लांबूनच मान डोलावली.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लोकांच्या लेकींना चुटकीसरशी जमवून देणाऱ्या सिस्टरांच्या स्वतःच्या घरात पाच दिवसांची बाळंतीण होती, आणि तिथे त्यांचं काही चालत नव्हतं. लेक त्यांना जवळच येऊ देत नव्हती.

साडेतीनला त्या घरी पोचल्या तेव्हा ओट्यावर दुधाच्या भुकटीचा डबा होता. जावयानं सकाळी आणून ठेवलेला. झाकण अजून उघडलं नव्हतं, पण शेजारी बाटली उकळून पालथी घातलेली होती. एकदा बाटली सुरू झाली की दुसरी लागते, मग तिसरी, आणि अंगावरचं आपोआप आटतं, हे त्यांनी किती घरांत झालेलं ऐकलं होतं. शिवाय लेकीला मनापासून पाजायचं होतं. गेले तीन महिने तिनं त्यावरचं मिळेल ते वाचून काढलं होतं.

"उठली की देणार आहे बाटली," लेक म्हणाली. बाळ तिच्या शेजारी झोपलेलं होतं. "तू काही बोलू नकोस."

"छाती बघ किती भरलीय. दूध आहे तुला."

"दूध नाही, नुसती सूज आहे. दगड झालाय दगड. तिला धरताही येत नाही." लेकीचा आवाज चिरकला. "आपल्याकडे नसतंच, आई. तुला कुठे होतं? लहानपणापासून ऐकतेय मी, हिच्या आईला दूधच आलं नाही म्हणून. तुला नव्हतं, मला कुठून येणार?"

चार दिवस सिस्टरांनी या प्रश्नाला बगल दिली होती. कधी कुकर लावायचा होता, कधी कपडे वाळत घालायचे होते. आज बाटली तयार होती आणि त्यांच्याकडे कुठलंच काम नव्हतं. त्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"मला होतं," त्या म्हणाल्या.

लेक कोपरावर टेकून अर्धवट उठली.

मग सिस्टरांनी सगळं सांगितलं. नोकरी तेव्हा कच्ची होती. पंचेचाळीस दिवसांनी रुजू व्हावं लागलं. घर दहा मिनिटांवर, म्हणून दुपारी अर्धा तास सोडा, अशी मेट्रनबाईंकडे विनंती केली. एकीला सोडलं की उद्या सगळ्या मागतील, असं उत्तर मिळालं, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरी लेकीची आजी तिला बाटली पाजत होती. इकडे वॉर्डात कुणाचंही पोर रडलं की यांना पान्हा फुटायचा, गणवेश भिजायचा.

"मग भांडी धुवायच्या खोलीत जायचे. बेसिनमध्ये पिळून टाकायचे आणि नळ सोडायचे."

"किती दिवस?"

"तीन महिने. मग आटलं."

"आणि लोकांना सांगितलंस, नव्हतंच."

"नव्हतं म्हटलं की लोक हळहळतात. होतं आणि दिलं नाही म्हटलं असतं, तर?"

लेकीनं तोंड भिंतीकडे वळवलं. सिस्टरांना वाटलं, संपलं. एकतीस वर्षं जपलेलं खोटं फेडायला गेले आणि लेकच हातची गेली. त्यांना स्वतःची लाज वाटली. उठून जावं की बसून राहावं हेही कळेना, तेवढ्यात बाळ जागं झालं आणि टाहो फोडून रडायला लागलं.

सिस्टर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातांची घडी पडली.

लेक वळून बघत होती. बाळाकडे नव्हे, घडीकडे.

"असं दाबून धरलं की थांबतं," सिस्टर ओशाळून म्हणाल्या. "भिजायला होत नाही. तेव्हाची सवय आहे."

"मी पडले, रडले, की तू अश्शीच उभी राहायचीस," लेक हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मी रडलेलं तुला आवडत नाही."

सिस्टरांना हे कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती थांबवायला कुठे दाबायचं हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"सोड ते हात," लेक म्हणाली. "आणि मला दाखव."

सिस्टरांनी गरम पाण्यात फडका पिळून आणला, शेक दिला. बोटांनी हलकेच दाबून चार थेंब वाटीत काढले, तशी पुढची कातडी मऊ झाली. बाळानं आ केला. पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदाही निसटलं. तिसऱ्यांदा त्यानं घट्ट धरलं, आणि थोड्या वेळानं खोलीत गिळण्याचा घटघट आवाज यायला लागला. लेक श्वास रोखून ऐकत होती.

तोच तिची दुसरी बाजू आपोआप ठिबकायला लागली. तिनं गडबडून त्यावर मनगट दाबलं. सिस्टरांनी तो हात धरून बाजूला केला.

"दाबू नकोस," त्या म्हणाल्या. "वाहू दे."

त्यांनी खाली एक कोरडं दुपटं सारलं. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या, दोन्ही हात खाली सोडून.