चातुर्मासातली छूट

सुहास पागनीसांना आपण जाड आहोत हे मुलीच्या साखरपुड्यात कळलं. तोपर्यंत ते स्वतःला 'खात्यापित्या घरचे' समजत, आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुजींनी गणपतिपूजनासाठी पाटावर बसायला सांगितलं. सुहासराव बसायला निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. खाली जाता येईना, वर येता येईना. गुडघे एका मर्यादेपलीकडे वाकायला तयार नव्हते आणि पोट त्या मर्यादेच्या आधीच येऊन थांबलं होतं. मुलाकडच्या मंडळींना वाटलं, व्याही वाकून नमस्कार करताहेत. त्यांनीही उठून वाकून नमस्कार केला.

पत्नी कल्पनासह इंदूरहून आलेले धाकटे बंधू विनायकराव पुढे झाले. विनायकराव अंगानं शेवग्याच्या शेंगेसारखे. रोज सकाळी योगासनं करत आणि उरलेला दिवस त्याबद्दल सांगत. त्यांनी दादांना धरून खुर्चीत नेलं आणि स्वतः पाटावर असे बसले, की जणू कुणी उपरण्याची घडी घातली.

जेवणं झाल्यावर विनायकराव प्रेमानं म्हणाले, "दादा, लग्नात कन्यादानाला मी अन् कल्पना बसून जातो. तू आपला खुर्चीवर आरामात बस. हल्ली चालतं सगळं."

"मी खुर्चीवर बसूनच करीन कन्यादान," सुहासराव म्हणाले.

"जावई पाटावर, तू खुर्चीत, अन् मधे तुझं पोट. हात पोचेल का?"

प्रश्न भूमितीचा होता आणि उत्तर सगळ्यांना दिसत होतं. शर्वरी ताटं उचलत होती. ती विनायकरावांकडे न बघता म्हणाली, "काका चांगलेच आहेत. पण माझा हात काकांनी कशाला द्यायचा? बाबा देतील."

झालं. लग्न मार्गशीर्षात होतं आणि हा होता ज्येष्ठ.

पागनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेचे हिशेब ठेवत. घोड्यावर बसलेला एकही पागनीस कुणाच्या ऐकिवात नाही. तीच बैठी परंपरा सुहासराव सिंचाई विभागात हेडक्लार्क होऊन चालवत होते. घरात पत्नी उषाताई, त्या शाळेत गणित शिकवत. मुलगी शर्वरी. आणि तरुणपणीच माहेरी परतलेली थोरली बहीण अक्का, लहानपणी सुहासला तिनेच वाढवलं होतं, अजूनही वाढतच होती. देवघर आणि स्वयंपाकघर ही दोन्ही खाती अक्काकडे होती. दोन्ही खात्यांत इतरांना प्रवेश होता, मत नव्हतं.

उज्जैनचा सिंहस्थ होऊन वर्ष लोटलं होतं. घरोघर केबल आलं होतं आणि पहाटे घट्ट कपड्यांतल्या बाया आपल्याला टीव्हीवरून व्यायाम शिकवू लागल्या होत्या. सुहासरावांनी तो कार्यक्रम आठवडाभर चहा पीत बघितला. फरक पडेना, तेव्हा उषाताई त्यांना डॉक्टर पोरवालांकडे घेऊन गेल्या.

डॉक्टर पोरवाल माधव नगरातले जुने. त्यांनी गुडघे दाबले, वजन केलं, सुस्कारा टाकला. मग सांगितलं, की तूप बंद, गोड बंद, तळलेलं बंद, दोन फुलके अन् लौकीची, म्हणजे दुधीची भाजी.

सुहासरावांचा चेहरा बघून डॉक्टरांना दया आली. "देखिए, मन मारून काही होत नाही," ते म्हणाले. उज्जैनातल्या पिढीजात डॉक्टरांसारखं पोरवालांचं मराठी अर्ध्या वाटेत हिंदीला जाऊन मिळे. "हफ्ते में एक दिन छूट. जो मन करे खाइए. अमेरिकेत भी यही चल रहा है."

"डॉक्टरसाहेब, छूट कशाला?" उषाताई म्हणाल्या. "आजवर रोज छूटच होती, त्याचीच ही फळं आहेत."

"भाभीजी, मन मर जाता है."

"यांचं? बाकी सगळं संपलं तरी यांचं मन शेवटपर्यंत जिवंत राहील."

पण डॉक्टर अमेरिकेचं सांगत होते आणि त्या वर्षी अमेरिकेचं सगळेच ऐकत होते. छूट मंजूर झाली. वार ठरला रविवार. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी दाल-बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, तुपात बुडवलेले. सहा दिवस लौकी खाल्लेला माणूस रविवारी काय करतो हे पागनीसांच्या शेजाऱ्यांना त्या वर्षी जवळून बघायला मिळालं. बाफला त्यांच्या पानात पडला, की त्याला पुन्हा वर यायची संधी मिळत नसे.

तरी सहा दिवसांची लौकी प्रामाणिक होती. थोडंफार वजन उतरायला हवं होतं. पण आषाढी एकादशी आली आणि चातुर्मास लागला.

चातुर्मासात अक्काच्या घरी महिन्याच्या दोन एकादश्या, चतुर्थी, श्रावणातले सोमवार, भाद्रपदातली हरतालिका आणि आश्विनातलं नवरात्र, एवढे उपवास सगळ्यांना. बाकीचे ज्याच्या-त्याच्या श्रद्धेनुसार. डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारलंच, "उपवास वगैरे करते हो?"

"करतो ना," सुहासराव म्हणाले.

"काय खाता त्या दिवशी?"

"काही नाही. उपवासच असतो."

हे ते खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे उपवासाचं खाणं खाण्यात धरत नाहीत. पागनीसांच्या सात पिढ्यांत कुणी धरलेलं नव्हतं. उषाताई शेजारी बसल्या होत्या, गणिताच्या शिक्षिका, पण त्यांनाही ही बेरीज सुचली नाही.

"बहोत बढ़िया!" डॉक्टर खूश झाले. त्यांच्या घरी पर्युषणात आई-वडील नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहत, तेव्हा त्यांना उपवासाबद्दल आदर होता. "जितने हो सकें, कीजिए."

सुहासरावांनी सोमवारच्या जोडीला गुरुवार धरला. नंतर शनिवारही. वजन वाढलं. डॉक्टरांनी काटा बदलला. पुन्हा वाढलं. डॉक्टर रक्त तपासायला सांगू लागले, पाणी कमी प्या म्हणाले, मग जास्त प्या म्हणाले. "पूरी प्रॅक्टिस में ऐसा केस नहीं देखा," ते कंपाउंडरला म्हणाले.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अक्काला चक्कर आल्यासारखं झालं, म्हणून डॉक्टर घरी आले. महाकालच्या सवारीमुळे, म्हणजे पालखीमुळे, सुहासरावांना सुट्टी होती. अक्काचं ब्लडप्रेशर ठीक निघालं. सकाळपासून शेगडीपुढे उभी होती, एवढंच. डॉक्टर निघाले, तर ती म्हणाली, "असे कसे जाल? सोमवार आहे. दोन घास खाऊन जा."

पान आलं. दाण्याचं कूट आणि भरपूर तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी. भगर, त्यावर दाण्याची आमटी. साबुदाण्याचे वडे, गरम. बटाट्याची भाजी, रताळ्याचा गोड कीस, राजगिऱ्याच्या पुऱ्या, दही, आणि वाटीत श्रीखंड.

"पाहुणे आने वाले हैं क्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो! आज उपवास नाही का," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी एकदा पानाकडे पाहिलं. मग समोर सुहासरावांकडे पाहिलं, ते दुसऱ्या वाढपाची खिचडी घेत होते. मग ते शांतपणे जेवले. वडे त्यांनी दोनदा मागून घेतले. खाऊन, हात धुऊन, खिशातल्या रुमालाला पुसून म्हणाले, "पागनीसजी, आज से आपके सारे उपवास बंद."

अक्काच्या हातातला झारा थांबला. "डॉक्टर, तुम्ही औषध द्या. धर्माचं आम्ही बघून घेऊ."

"अक्काजी, रविवारची छूट मी दिली होती. बाकीच्या छुटी तो भगवान दे रहे हैं. दो-दो लोग छूट देंगे तो आदमी कैसे बचेगा?"

डॉक्टर गेल्यावर अक्का पानं उचलू लागली. उषाताई म्हणाल्या, "मी सांगून देते, दोन्ही नाही चालायचं. छूट हवी तर उपवास सोडा. उपवास हवे तर फक्त पाणी अन् एक केळं, मग छूटही घ्या."

"चातुर्मास सोडेल तो?" अक्का सुहासरावांकडे बघत म्हणाली. "बाबा गेले त्या वर्षीही आपण नाही सोडला."

सुहासराव कधी बायकोकडे, कधी बहिणीकडे बघत राहिले. शर्वरी दारात उभी होती. तिची नजर त्यांच्या गुडघ्यांवर होती, आणि तेच त्यांना सर्वांत जड गेलं.

त्यांनी मधला मार्ग काढला, म्हणजे भित्रा. रविवारची छूट सोडून दिली. ती सोडताना डोळ्यांत पाणी होतं, पण सोडली. उपवास मात्र अक्कादेखत चालूच ठेवले. उपवासाच्या दिवशी ते ऑफिसात दोन डबे नेऊ लागले. एक अक्कानं भरलेला, फराळाचा. दुसरा उषाताईंनी पर्समध्ये लपवून कोपऱ्यावर हातात दिलेला, दोन फुलके आणि लौकी. लोक लपूनछपून भजी खातात. उज्जैनात त्या वर्षी एक गृहस्थ एकादशीला लपूनछपून लौकी खात होते.

अक्काचा डबा टाकणं शक्य नव्हतं, ते पाप झालं असतं. तो ऑफिसात फिरू लागला. हळूहळू सिंचाई विभागात भक्तिभाव वाढला. पंचांग कुणी बघत नसे तिथे लोक तिथ्या विचारू लागले. ड्राफ्ट्समन रफीकमियाँ तर सोमवारीच एकादशीचं विचारून ठेवत, "बड़े बाबू, अगली ग्यारस कब की है?"

गुडघे मात्र मऊ पडू लागले. नवरात्र संपता संपता सुहासराव पलंगाची कड धरून जमिनीपर्यंत पोचले. उठताना शर्वरीनं हात दिला, आणि दोघं उगाच हसत बसले.

गोष्ट फुटली ती शरदाच्या उन्हात, भाजीबाजारात. रफीकमियाँनी अक्काला ओळखून अदबीनं सलाम केला. "अक्काजी, आपके हाथ में जादू है. साबुदाने के वड़े तो सारा ऑफिस याद करता है. बड़े बाबू तो बेचारे अपनी लौकी ही खाते हैं."

अक्का रिकाम्या पिशवीनं घरी आली. कुणाशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती देवघरात बसली आणि जेवायलाही आली नाही. संध्याकाळी सुहासराव तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"अक्का."

"मी दाणे भाजत होते," ती म्हणाली, "अन् तू माझ्या पाठीमागे लौकी."

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय चांगलं वाटून राहिलंय?"

"अक्का, शर्वरीचा हात मीच द्यायचाय गं. विनायकानं नाही."

तिनं निरांजनाची वात पुढे सारली. तिचं स्वतःचं कन्यादान चुलत्यानं केलं होतं. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नसे.  सुहासरावांच्याही ते त्या वेळी लक्षात नव्हतं.

कार्तिकी एकादशीला सुहासराव पाटासमोर आले, तर अक्कानं त्यांच्या पुढ्यात दोन फुलके आणि लौकीची भाजी वाढली होती. उषाताईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

"अक्का, आज एकादशी," सुहासराव दबक्या आवाजात म्हणाले.

"मालूम आहे मला. जेव. तुझी एकादशी मी धरते. देवाला सांगितलंय तसं."

"चालतं असं?"

"न चालायला काय झालं? आजारी माणसाचा उपवास घरचं माणूस करू शकतं. तू आजारीच आहेस, डॉक्टरचा कागद आहे."

आणि तिनं शब्द पाळला. लग्नापर्यंत अक्का प्रत्येक उपवास दोघांचा करी. दोघांचा म्हणजे दोघांचा, खिचडीही दोघांची, वडेही दोघांचे. मार्गशीर्ष लागेपर्यंत सुहासरावांचे सदरे सैल झाले आणि अक्काचे ब्लाउज उसवावे लागले. डॉक्टर पोरवालांच्या मते घराचं एकूण वजन तेवढंच राहिलं.

लग्न समाजाच्या हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. गुरुजींनी कन्यादानाला हाक दिली. विनायकराव पुढच्याच रांगेत सोवळं नेसून तयार होते. गरज पडली तर असावं, असा त्यांचा भाव होता, आणि तो वाईट नव्हता. सुहासराव पाटाजवळ आले. उषाताई शेजारी. त्यांनी एक हात जमिनीला टेकवला, एक गुडघा टेकला, मग दुसरा. हॉलमध्ये शांतता पसरली. कुणाला वाटलं, मंत्रांमुळे. सुहासराव मांडी घालून पाटावर बसले.

अक्का खांबाला टेकून उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, धूर फार झालाय. होम अजून पेटायचा होता.

शर्वरीचा हात त्यांनी हातात घेतला. तो लहानपणी होता तसाच गार होता. उषाताईंनी पाण्याची धार धरली. गुरुजी म्हणत होते ते शब्द सुहासरावांनी मागून म्हटले, एकही चुकला नाही. हात पोचला. जावयाच्या हातात शर्वरीचा हात ठेवला आणि वरून पाणी सोडलं.

"आता यजमानांनी उठावं," गुरुजी म्हणाले. "इथे होमाची मांडणी करायची आहे."

सुहासराव उठेनात.

विनायकराव झटकन पुढे आले, खाली वाकले, कानाशी म्हणाले, "अटकलं का दादा? हात देऊ?"

"गुडघे ठीक आहेत रे," सुहासराव म्हणाले.

"मग?"

"थोडा वेळ बसतो पोरीजवळ."

विनायकराव तसेच वाकून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि तेही शेजारी जमिनीवर बसले. गुरुजींनी समिधांची मोळी सोडली आणि उगाच पुन्हा बांधायला घेतली.