वळताना डोकं खाली

ते बेट आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे, काचेखाली. भूमध्य समुद्रातलं. त्याचं नाव घ्यायला गेलं की दोघांच्याही जिभेला गाठ पडते, म्हणून आम्ही नुसतं 'ते बेट' म्हणायचो. नकाशाच्या खालच्या टोकाला चहाचा डाग आहे, तो ह्यांचा. पश्चिमेच्या खाडीत पेन्सिलीने नांगर काढलाय, तो माझा.

मी पडदे शिवते. एका दुकानाच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे. आयुष्यभर वारा घरात येऊ नये म्हणून कापड शिवत आले, आणि पन्नाशी उलटल्यावर ह्यांच्या डोक्यात शिडाच्या होडीचं खूळ शिरलं. मी आधी हसले. मग शिडाची शिवण पाहिली आणि गप्प बसले. दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या तळ्यावर शिकायला जाऊ लागलो. सुकाणू माझ्याकडे आलं, कारण शिकवणारा म्हणाला, "बाईंना वारा कळतो." ह्यांच्याबद्दल तो काय म्हणाला ते सांगत नाही. आजारी माणसाची निंदा करू नये.

होडी वळवण्याचा एक नियम आहे. सुकाणूवर बसलेल्याने विचारायचं, "तयार?" दुसऱ्याने दोऱ्या बघून म्हणायचं, "तयार!" ते ऐकल्याशिवाय वळायचं नाही. मग "वळते!" म्हटलं की शिडाचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला जातो. दोघांनी मान खाली घालायची आणि पलीकडे जाऊन बसायचं. उशीर झाला की टेंगूळ. ह्यांना दोन आली. तेव्हा मी टेबल भिंतीला सरकवलं, दोन बाकं समोरासमोर मांडली आणि लांब दांड्याचा झाडू हातात घेतला. दांडा मी फिरवायचा, हे वाकायचे, दोघांनी उठून समोरच्या बाकावर बसायचं. शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं असणारच. कधी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

पुढे ते घरभर झालं. उकळतं पातेलं उतरवताना "तयार?" गादी उलटी करताना "तयार?" एकदा बँकेच्या रांगेत मी विचारलं आणि हे एवढ्या मोठ्याने "तयार!" म्हणाले की सगळी रांग वळून बघायला लागली.

मग एका सकाळी दात घासता घासता ह्यांना झटका आला. पाय परत आले, हात निम्मा आला, वाचा आली नाही. तेव्हापासून हे त्याच बाकावर बसतात आणि समोरच्या भिंतीकडे बघतात. घास दिला की खातात. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कितपत समजतं, सांगता येत नाही." मला बाकी काही नको होतं. मी बोलते ते ह्यांच्यापर्यंत पोचतं का, एवढंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

शिकून झालं की होडीने त्या बेटाला वळसा घालायचा, असं आमचं ठरलं होतं; त्या सहलीचं मी थांबवलं नाही. दुकानातून आले की नकाशापाशी बसते. बेटाला उजवीकडून वळसा घालायचा की डावीकडून, यावर आमचं जुनं भांडण. मी म्हणायची डावीकडून, दुपारचा वारा पाठीवर येतो. हे म्हणायचे उजवीकडून, कारण तिकडे दीपगृह आहे. आता रोज मी जिंकते. जिंकून झालं की दिवा लावते, भांडी घासते, आणि घरात नळाशिवाय कुणी बोलत नाही. फार एकटं वाटतं. ह्यांच्या शेजारी बसून वाटतं, हे जास्त वाईट.

काल, तिकडची होडी भाड्याने ठरवलीय त्या कंपनीतल्या मुलीचा फोन आला.

"मॅडम, होडीवर दुसरं माणूस शीड सांभाळणारं लागतं. नाव आजच कळवा. नाहीतर आमचा नावाडी घ्या बरोबर."

"नावाडी कशाला? आम्हाला येतं," म्हटलं आणि फोन ठेवला. तोऱ्यात म्हटलं खरं, पण 'आम्ही' म्हणजे कोण?

धाकट्या नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "मला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं, पण येते मी. माझं नाव घाल."

"आणि ह्यांचं?"

"वहिनी, दादाला आता काही कळत नाही गं. त्याच्याजवळ नर्स ठेवू. तू किती दिवस स्वतःला फसवणार?"

तिचा भयंकर राग आला, कारण मलाही रोज तेच वाटत होतं. फोन आपटला. कोपऱ्यातला झाडू घेतला, केर काढायला म्हणून, आणि तो हातात आल्यावर माझं डोकंच फिरलं. ह्यांच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसले.

"तयार?" मी ओरडले.

हे भिंतीकडे बघत होते.

"तयार का? बोला की!"

नियम मोडून मी म्हटलं, "वळते!" आणि दांडा फिरवला. ह्यांच्याकडे न बघता फिरवला. लागला तर लागू दे, इतकी वैतागले होते.

लागला नाही. ह्यांनी मान खाली घातली होती.

मग हे उठले. टेबलाची कड धरून, पाय ओढत, पलीकडे गेले आणि समोरच्या बाकावर बसले. मी हातात झाडू घेऊन जागच्या जागी. वळल्यावर दोघांनी पलीकडे जायचं असतं, हे मीच विसरले होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारची रिकामी जागा डाव्या हाताने थोपटली.

मी पलीकडे गेले. ह्यांच्या खांद्यावर डोकं टेकून खूप रडले. ह्यांच्या आठ्या काही गेल्या नाहीत. मग नाक पुसून त्या मुलीला फोन लावला.

"तुमचा नावाडी द्या. आम्ही दोघं येतोय. आणि बेटाला उजवीकडून न्यायला सांगा."

"चालेल. पण मॅडम, मग होडीवर तुम्ही दोघं काय करणार?"

"वळताना डोकं खाली घालू," मी म्हटलं. "ते आम्हाला दोघांनाही येतं."