पाहुण्यांची चादर

शनिवार सोडून दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिसऱ्या मजल्याच्या दोरीवर चादर दिसली, की इमारतीतले लोक दोनच निष्कर्ष काढत. घरात कोणीतरी आजारी आहे, नाहीतर पाहुणे येऊन गेलेत. हा कायदा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीच घालून दिला होता, आणि बाईंचा कायदा मोडायची खुद्द त्यांच्या नवऱ्याचीही छाती नव्हती.

बाईंची उमेदीची सगळी वर्षं एका हॉटेलच्या कपड्यांच्या खोलीत गेली होती. चादरी, अभ्रे, टॉवेल मोजून द्यायचे, मोजून घ्यायचे, आणि हाताखालच्या पोरींना धाकात ठेवायचं. त्या म्हणायच्या, "माणसाचं तोंड खोटं बोलेल, त्याची चादर नाही बोलणार." कुठलं जोडपं रात्रभर दोन कडांना झोपलं, कोण उशीत तोंड खुपसून रडलं, कोणी गादीत बसून चोरून खाल्लं, हे त्यांना खोलीत पाऊल टाकताच कळायचं. कळायचं, पण त्या कोणाला सांगायच्या नाहीत. सांगायच्या फक्त नवऱ्याला, जेवताना, आणि त्याला हसून हसून ठसका लागेपर्यंत.

घरातही तीच शिस्त. अभ्रे आठवड्यातून दोनदा. अंगाचा टॉवेल तिसऱ्या दिवशी, हात पुसायचा रोजच्या रोज. पांघरुणं ऋतू पालटला की. पडदे कधी धुवायचे असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "पाहुण्यांनी मान वर करून बघायच्या आदल्या दिवशी." घरच्या माणसाची चादर शनिवारी. आणि पाहुण्यांची चादर ते जातील त्याच दिवशी, पण ते पोचल्याचा फोन आल्यावरच. "माणूस अजून रस्त्यात आहे आणि तुम्ही त्याचं अंथरूण ओढून काढताय? हाकलल्यासारखं दिसतं ते."

नवरा बसवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी इमारतीत त्याला कंडक्टरच म्हणत. या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नव्हता. खिशातून काढलेला रुमाल न्हाणीच्या दाराशी टाकायचा, तो इस्त्री होऊन परत खिशात यायचा. मधल्या प्रवासाची चौकशी त्याने कधी केली नाही.

आणि आता तोच कंडक्टर रोज उजाडायच्या आत न्हाणीत पाटावर बसून चादर घासत होता.

पहिल्यांदा झालं तेव्हा बाई पलंगाशी उभ्या राहून ओल्या गादीकडे बघत होत्या. हाताखालच्या पोरींना विचारायच्या त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

"माझं," कंडक्टर म्हणाला. "तांब्या कलंडला."

बाई वाकल्या, नाक जवळ नेलं, सरळ झाल्या. "पाण्याला वास नसतो." मग त्याच्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "असू दे. वय झालंय तुमचं. मी कोणाला बोलणार नाही."

तिच्या खात्यावरची लाज अशी त्याच्या खात्यावर चढली. त्यानेही ती मुकाट्याने मांडून घेतली. आयुष्यभराचे रुमाल बघता सौदा महाग नव्हता.

धुणं मात्र त्याला तिनेच शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने चांगलं कढत पाणी ओतलं, तशी ती दारातून ओरडली, "डाग पक्का करताय का? आधी गार पाणी! गार पाण्यात सोडू द्या त्याला, मग साबण, मग काय ते गरम." काल जेवल्याचं तिला आठवत नव्हतं, पण गार पाणी आठवत होतं. पिळायला ती समोर उभी राहायची. एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. ती उजवीकडे पीळ द्यायची, तो डावीकडे, आणि मधून धार लागायची. संध्याकाळी घडी. दोघं दोन टोकांना, मग चालत एकमेकांकडे. तिची बोटं त्याच्या बोटांना लागायची, कोपरे त्याच्या हाती देऊन ती खाली वाकायची, दुमड उचलून परत यायची. दिवसभरात ती त्याच्याकडे चालत येईल असं एवढंच उरलं होतं. घडी झालेली चादरसुद्धा तो मुद्दाम उघडून परत घडीला घ्यायचा.

पण दोरी काही लपत नाही. तळमजल्यावर एक शिलाईवाली राहायची. मशीन खिडकीशी, आणि नजर खिडकीबाहेर.

"काय कंडक्टर, आज परत चादर?"

"पाहुणे आले होते."

"कुठले?"

"लांबचे."

"जिन्यात दिसले नाहीत ते."

"पहाटे आले, पहाटे गेले."

"पाहुणे होते की चोर?" शिलाईवाली दातातला दोरा तोडत हसली. "आणि काल? परवा? लॉज काढलंत का वरती? बोर्ड लावा की मग!"

तो हसला. वर गॅलरीत खुर्चीवर बसलेल्या बाईंनी मात्र हे सगळं ऐकलं होतं. जिना चढून तो आत आला, तर त्यांनी कपाटातून पाहुण्यांचे टॉवेल बाहेर काढले होते. "आधी सांगायचं नाही का? किती माणसं आहेत?"

खोट्याला एकदा खुर्ची दिली की ते जेवायलाही थांबतं. पाहुणे नाहीत हे सांगावं, तर चादर कशाची हे सांगावं लागणार. म्हणून पाहुणे येत राहिले.

खरं तर कंडक्टर शिलाईवालीला घाबरत नव्हता. घाबरत होता लेकीला. लेक दुसऱ्या गावी, दोन खोल्यांत, सासू-सासरे आणि मुलं घेऊन. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा, औषधं, जेवण, आंघोळ, सगळं तुम्ही करताय, मला दिसतंय. पण अंथरुणात व्हायला लागलं की मला सांगायचं. लपवायचं नाही. माझ्या घरामागेच अशा म्हाताऱ्या बायकांसाठी घर आहे, रात्रंदिवस बघायला माणसं असतात. मी रोज जाईन."

"आणि मी?"

"तुम्ही भेटायला या ना. तिथे पुरुषांना ठेवत नाहीत." मग पुढे म्हणाली, "तुमच्या कमरेचं ऑपरेशन झालंय, बाबा. उद्या तुम्ही न्हाणीत पडलात तर आई कोणाला हाक मारणार आहे? तिला नाव तरी आठवेल का?"

यावर कंडक्टरकडे सुटे नव्हते.

नाव राहू दे. लग्न झाल्यापासून बाई त्याला 'अहो' म्हणत आल्या होत्या, आणि अजूनही 'अहो'च म्हणत. त्यामुळे त्यातून नवरा कधी उतरला आणि त्याच्या जागी नुसता कोणी गृहस्थ कधी येऊन बसला, हे कंडक्टर असूनही त्याला कळलं नाही. कळलं ते एका संध्याकाळी, घडी घालताना. दुमड उचलून त्या त्याच्यापर्यंत आल्या, त्याच्या हातांकडे बघितलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अहो, नवीन लागलात ना इथे? हात चांगला आहे तुमचा. टिकाल."

तो "हो बाई" म्हणाला. काय म्हणणार?

लेक आली ती सोमवारी, संध्याकाळी, न कळवता. आल्या आल्या तिने दोरी बघितली. आईचीच मुलगी ती.

"आज सोमवार. चादर कशी?"

"पाहुणे आले होते," कंडक्टर म्हणाला.

"कोण पाहुणे?"

त्याच्या आधी बाईच आतून म्हणाल्या, "येतात ग बाई खूप. सोय चांगली आहे ना इथे." लेकीने बापाकडे बघितलं. बापाने पंख्याकडे.

त्या रात्री त्याने डोळ्याला डोळा लागू दिला नाही. गजराशिवाय, बत्तीशिवाय, बायको जराशी चाळवली की तिला उठवायचा, हात धरून न्हाणीपर्यंत न्यायचा, परत आणून झोपवायचा. उजाडलं तेव्हा त्याने पांघरुणाखाली हात घालून चादर चाचपून बघितली. कोरडी. कोरडी ठणठणीत! सबंध मार्गावर एकही फुकट्या न सापडलेल्या दिवसासारखा तो खूश झाला. लेकीसाठी चहा टाकला, आणि चहा टाकताना चक्क शीळ घातली.

"बघ," तो लेकीला म्हणाला, "दोरी रिकामी आहे आज. तू उगाच..."

बाई आतून बाहेर आल्या होत्या. केस विंचरलेले, चपला घातलेल्या, हातात पर्स. मागे पलंग तसाच्या तसा आवरलेला, जणू रात्री कोणी झोपलंच नव्हतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, परक्या घरात बसतात तशा.

"येते मी आता," त्या लेकीला म्हणाल्या. "तुम्ही इथल्या मालकीणबाई ना? फार छान ठेवलंत हो मला. आणि या गृहस्थांचं खास सांगते," त्यांनी कंडक्टरकडे हात केला, "रोज चादर बदलतात. रोज! मी एवढी वर्षं हॉटेलात काढली, आमच्याकडेसुद्धा एका माणसाला रोज नवी चादर देत नव्हतो. एक दिवस चुकले नाहीत. आणि तोंडातून एक शब्द नाही. यांना सोडू नका."

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

"रोज, बाबा?" लेक म्हणाली.

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"निघायला हवं," बाई सांगत होत्या. "आमचे हे घरी एकटे आहेत. त्यांना काही येत नाही हो. रुमालसुद्धा धुता येत नाही त्यांना. मी नसले की तोच रुमाल पुन्हा घडी करून खिशात घालतात, आणि वाटतं मला कळत नाही."

लेकीने, पदर नव्हता म्हणून, तोंडाला ओंजळच लावली. मग तिने बापाचे हात हातात घेऊन बघितले. बोटांची सालं निघाली होती, नखांशी भेगा पडल्या होत्या. "गार पाण्याने होतं," तो म्हणाला, जणू तिने तेवढंच विचारलं होतं. "तुझी आई म्हणते, गरमने डाग पक्का होतो."

भांडण झालं नाही. झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. बाई स्वतःच जायला निघाल्या होत्या, घरी, नवऱ्याकडे, आणि त्यांना अडवायचं तर कोणत्या नात्याने? 'तुझा नवरा मीच' हे त्याने मागे एकदा सांगून बघितलं होतं. त्या एवढ्या घाबरल्या होत्या की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

दुपारी लेकीने बोलावलेली गाडी आली. जिन्यात त्याने हात पुढे केला, बाईंनी तो धरला आणि शेवटच्या पायरीवर भिडस्तपणे सोडवून घेतला. गाडीत बसून काच खाली केली. "त्रास दिला तुम्हाला."

"छे हो," कंडक्टर म्हणाला. "परत या."

"बघू. यांना विचारते."

गाडी सुटताना आयुष्यभराच्या सवयीने त्याचा हात घंटीच्या दोरीसाठी वर गेला. वर काही नव्हतं.

संध्याकाळी फोन वाजला. लेकीचा आवाज बसलेला होता. "पोचलो, बाबा. आई बोलतेय."

"अहो, पोचले बरं का," बाई म्हणाल्या. "म्हटलं कळवावं. आमचे हे काही दिसत नाहीत घरात. बाहेर गेले असतील. तिकडे आले तर सांगाल, मी पोचले म्हणून?"

"सांगतो."

"आणि ती चादर आता काढा. थांबला असाल फोनसाठी. शहाणे आहात तुम्ही."

त्याने फोन ठेवला आणि पलंगापाशी गेला. कायदा पक्का होता: पाहुणा पोचला, चादर निघाली. त्याने कोपऱ्याला हात घातला, आणि कोपरा बघून थांबला. सकाळी निघायच्या तयारीने पलंग तिने आवरला होता. चादरीचे कोपरे गादीखाली हॉटेलातल्यासारखे खोचलेले, पाकिटाची घडी असते तसे, एक सुरकुती नाही. एवढ्या दिवसांत त्याला सगळं जमलं होतं, हा कोपरा जमला नव्हता. कितीदा तिच्या शेजारी उभं राहून बघितला, तरी नाही.

तो गॅलरीत आला. खालून शिलाईवालीने मशीन थांबवून वर बघितलं. गाडी तिनेही बघितली होती.

"दोरी रिकामी आज," ती म्हणाली. नेहमीसारखं टोचून नाही. "पाहुणे गेले की चादर धुता ना तुम्ही."

"पाहुणं कोण होतं इथे?" कंडक्टर म्हणाला. "घरच्या माणसाची चादर शनिवारी निघते."

मग शनिवार आला. शिलाईवालीने दिवसभरात बऱ्याचदा वर बघितलं. दोरीवर एक अभ्रा होता, एक टॉवेल होता, आणि टोकाला एक रुमाल, नीट न पिळल्यामुळे ठिबकणारा. चादर नव्हती.

अंधार पडायच्या सुमारास तो कपडे काढायला आला. तिने काही विचारलं नव्हतं, तरी तोच म्हणाला, "पिळायला समोर कोणी लागतं हो."

"मी येते की वर. किती वेळ लागतो त्याला?"

त्याने रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली.

"नको," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी बघू."