ड्रॅगनचं शेवटचं भाषण

माझ्या कादंबरीतला ड्रॅगन मरण्याआधी अख्खं प्रकरणभर भाषण करतो. टीव्ही मालिकेत दिग्दर्शकाने त्याला चकार शब्द काढू दिला नाही. ड्रॅगनने नुसतं राणीच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गाढवाने भाषणच छाटलं!"

"अहो, गप्प बसा जरा!" बायको हुंदके देत म्हणाली.

"पुस्तकाची प्रुफं तूच तपासलीस. तेव्हा टिपूस नाही काढलंस!"

"कसं काढणार? भाषण सुरू झालं की माझा डोळा लागायचा. तो मरतो, हे मला आज कळलं."

मी निमूटपणे रिमोट उचलून तो प्रसंग पुन्हा लावला. ओरडण्याच्या नादात माझं रडायचं राहून गेलं होतं.